स्ख्राल

डच शिकतेय हे गावात अजून निम्म्या लोकांना माहीत नाही. धुळ्यात बसून तिकडच्या क्लायंटचे हिशेब बघते, त्यांची पत्रं वाचता यावीत म्हणून सुरू केलं. चार शब्द वाढले की आपल्याला वाटतं, आता येतंय. मग 'स्ख्राल' आला. उच्चारतानाच घसा खरवडून निघतो.

शब्दकोशात अर्थ होते कृश, अपुरा, तुटपुंजा. म्हटलं, झालं! तासाला ऐटीत वाक्य ठोकलं की आमच्या बस स्टँडवरची कॉफी 'स्ख्राल' असते. बाई हसल्या. पाणचट कॉफी 'स्लाप', म्हणजे लेचीपेची. 'स्ख्राल'मध्ये पाणी जास्त झालेलं नसतं, उलट ओल आणि कस गेलेला असतो. मग त्यांनी उदाहरणं दिली. 'स्ख्राले विंट' म्हणजे कोरडा, अंग सोलणारा वारा. 'स्ख्राले लिपन' म्हणजे फुटलेले ओठ. 'अन स्ख्राल लोन' म्हणजे तुटपुंजा पगार. (इथे शेवटचा 'ए' का गळला ते व्याकरण 'डे' आणि 'हेट' या डच नामांपुढच्या दोन उपपदांच्या भांडणातलं आहे, त्यात तुम्हाला ओढत नाही.) 'स्ख्राले ख्रोंट' म्हणजे कस नसलेली जमीन.

वारा, ओठ, पगार, जमीन. एकाच शब्दात हे सगळं कसं मावतं ते मला शनिवारी शिंदखेड्याकडे घरी गेल्यावर कळलं. जानेवारीची सकाळ, उत्तरेचा वारा, माय ओठांना तूप लावून चुलीपुढे बसलेली. बाहेर आमचं बरड वावर, बोटभर मातीखाली मुरूम. सगळंच स्ख्राल.

'स्ख्राले त्रोस्ट' मात्र अडला होता. दिलासा, पण नावापुरता. तोही चुलीपाशीच सुटला. औंदा कपाशीने पाणी पाजलं, वेचणीची मजुरीही निघाली नाही. माय पऱ्हाट्या मोडून चुलीत सारत म्हणाली, "जळणाचं तरी झालं." तिकडे दोन शब्द लागतात, आपण नुसतं 'तेवढंच!' म्हणतो.

आप्पांना सगळ्यात गंमत वाटली याच शब्दाच्या क्रियापदाची. 'फर्स्ख्रालन', जमीन मुद्दाम हलकी करणं. हॉलंडात शेणखत आणि नत्र इतकं झालंय की कुरणात नुसतं गवत आणि खाजकुइलीसारखी अंग खाजवणारी तणं माजतात, नाजूक रानफुलं त्याखाली दबून मरतात. म्हणून निसर्गासाठी राखलेल्या जागी गवत कापून बाहेर नेतात, तिथेच कुजू देत नाहीत. काही ठिकाणी तर वरचा कसदार थर खरवडून काढतात. २०१९ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायसंस्थेने नत्राबाबतचं सरकारी धोरणच रद्द ठरवलं, त्यावर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते.

आप्पा कान टवकारून ऐकत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तलावातला गाळ ट्रॉल्या भरभरून आणून याच वावरात पसरला होता, भाड्याचे पैसे उसने काढून. "त्या लोक येडा शेतस का?" म्हणाले. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं, विषय संपला.

चहाची बशी खाली ठेवत त्यांनी विचारलं, "मंग ती काढेल माटी ट्रॉलीले काय भावे देतस?"