प्रागच्या पुलाखाली एक दिवस

सेवानिवृत्तीनंतर लेकीकडे जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेलो असताना, एका दिवसापुरता मी एकटाच शेजारच्या चेक देशाच्या राजधानीत, म्हणजे प्रागला, जाऊन आलो. लेकीला सुट्टी नव्हती. तिने आदल्या रात्री माझ्या फोनमध्ये रेल्वेचे तिकीट भरून दिले, एकादशी असल्यामुळे डब्यात शेंगदाण्याचे लाडू आणि केळी दिली आणि "पप्पा, बॅटरी संपू देऊ नका" असे तीनदा बजावले. जळगाव जिल्ह्यात बांधकाम खात्याच्या मोऱ्या आणि पूल यांची मोजमापे लिहिण्यात ज्याची नोकरी सरली, असा माणूस परदेशी शहरात काय पाहतो, ते या टिपणात आहे. राजवाड्यातल्या दालनांची माहिती हवी असणाऱ्यांची येथे निराशा होईल.

सुरुवात फसगतीने झाली. चेक देशात युरो नव्हे, कोरुना चालतो. एका दुकानाच्या पाटीवर भाव चांगला दिसला म्हणून 50 युरो दिले; हातात पैसे आल्यावर कळले की ठळक अक्षरातला भाव ते युरो विकतात त्याचा होता, आणि घेण्याचा भाव खाली बारीक अक्षरात होता. आयुष्यभर निविदांमधल्या बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या आणि इथे चष्मा खिशात राहिला.

जुन्या शहराच्या चौकात 1410 सालचे खगोलीय घड्याळ आहे. तास भरला की सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य सरकत जातात आणि शेवटी कोंबडा आरवतो. गर्दी तेवढे पाहून पांगते. मला मात्र बाहेरचे कडे अधिक आवडले, कारण त्यावर 24 तास सूर्यास्तापासून मोजलेले आहेत. आपला पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, यांचा जुना दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होई. त्यामुळे हे कडे वर्षभर थोडे थोडे सरकवावे लागते. आतल्या वर्तुळावर बारा राशी आहेत, आणि त्या मला कोणी समजावून सांगाव्या लागल्या नाहीत.

चौकाजवळच एक कारागीर गुडघ्याखाली रबरी पट्ट्या बांधून पदपथाची फरसबंदी दुरुस्त करीत होता. लाडवाएवढे चौकोनी दगड, खाली वाळूचा थर, हातात एक हातोडी. दगड उचलायचा, तळहातावर दोन-तीनदा फिरवून त्याची बरी बाजू वर आणायची, वाळूत बसवायचा आणि दोन ठोके द्यायचे. सिमेंटचा थेंब नाही. उद्या खालची पाण्याची नळी फुटली तर तेच दगड काढून पुन्हा तेच बसवता येतील. आमच्याकडे रस्ता झाला की पंधरा दिवसांत नळवाले तो फोडतात आणि मलबा उचलायलाही वेगळे इस्टिमेट लागते, हे आठवून मी तिथे अर्धा तास उभा राहिलो. त्याने एकदा वर पाहिले, मी मान डोलावली, त्यानेही डोलावली. रस्त्यावरच्या मोठ्या गोलसर दगडांना चेक लोक 'मांजराची डोकी' म्हणतात, हे लेकीने आधीच सांगून ठेवले होते.

आता पूल. व्ल्तावा नदीवरचा आधीचा दगडी पूल 1342 च्या पुरात गेला, म्हणून सम्राट चौथ्या चार्ल्सने नवा बांधायला घेतला. पायाभरणीसाठी ज्योतिष्यांनी 1357 सालच्या 7व्या महिन्यातली 9 तारीख आणि पहाटे 5 वाजून 31 मिनिटे हा मुहूर्त काढला, असे सांगतात. वर्ष, तारीख, महिना, वेळ या क्रमाने आकडे लिहिले की 1, 3, 5, 7, 9 असे चढून पुन्हा 1 पर्यंत उतरतात. मुहूर्ताशिवाय नारळ न फोडणारे आपणच नाही, हे पाहून बरे वाटले. पुलाची लांबी सुमारे 516 मीटर, कमानी 16, आणि कठड्यांवर संतांचे 30 पुतळे. यांपैकी नेपोमुकच्या योहानाला 1393 मध्ये राजाज्ञेने नदीत टाकून ठार केले; त्याच्या पुतळ्याखालचा पितळी रंगाचा उठाव लोकांच्या स्पर्शाने आपल्या देवळातल्या नंदीच्या पाठीसारखा गुळगुळीत झाला आहे.

पुतळ्यांसमोर फोटोसाठी रांग लागली होती, म्हणून मी जिना उतरून कांपा बेटावर गेलो आणि पूल खालून पाहिला. पूल खरा खालूनच पाहायचा असतो. खांबांची वरच्या प्रवाहाकडची टोके पाणी कापण्यासाठी निमुळती आहेत, ते ओळखीचेच होते. पण त्यांच्या पुढे पाण्यात जाड लाकडी तुळयांच्या उतरत्या चौकटी उभ्या होत्या, त्यांचा उपयोग काही केल्या उमगेना. आधार म्हणावा तर त्या पुलाला चिकटलेल्या नाहीत. बाकावर बसून एक लाडू संपेपर्यंत विचार केला आणि शेवटी लेकीला फोटो पाठवला. उत्तर आले: बर्फासाठी. हिवाळ्यात वाहत येणाऱ्या बर्फाच्या लाद्या आधी या तुळयांवर चढून फुटाव्यात, दगडावर आपटू नयेत. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो अशा मुलखात पूल बांधणाऱ्याच्या डोक्यात हे यावे तरी कसे?

दुसरा धोका मात्र आपल्याकडचाच. 1890 च्या पुरात वाहून आलेले ओंडके कमानींत अडकले, पाणी तुंबले आणि तीन कमानी कोसळल्या. आमच्या नाल्यांवरच्या मोरीच्या तोंडाशी पहिल्या पुरात पऱ्हाट्या आणि बाभळीची झुडपे अडकतात, आणि रस्ता वाहून जातो तो याच कारणाने. तिथे नंतर पूल दुरुस्त केला गेला, आणि 2002 च्या मोठ्या पुरात तो टिकला.

या पुलाच्या चुन्यात अंडी घातली होती, अशी एक दंतकथा आहे. गावोगावहून अंड्यांच्या गाड्या आल्या आणि एका गावाने, वाटेत फुटू नयेत म्हणून, ती उकडून पाठवली म्हणे! आपल्याकडे जुन्या गढ्यांच्या चुन्यात गूळ आणि उडीद घालत.

दुपारी 22 क्रमांकाच्या ट्रामने किल्ल्यावर गेलो. तिथल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलचे काम 1344 मध्ये सुरू झाले आणि 1929 मध्ये पूर्ण झाले. 585 वर्षांच्या मुदतवाढीच्या फायली कुठल्या कपाटात ठेवल्या असतील, एवढाच विचार मनात आला. आत पाऊण तास होतो, पण मन नदीवर होते, म्हणून पुन्हा खाली उतरलो.

परतीच्या गाडीत बसल्यावर घरी फोन लावला आणि खांब, बर्फ, ओंडके, अंडी असे सगळे क्रमाने सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे एकादशीला तुम्ही अंड्यांच्या पुलावर फिरलात?"

मी सांगितले की बराचसा वेळ त्याच्या खालीच होतो.