नुहाल्क शैलीच्या सरावाचं चांदीचं कडं: कोरीवकाम झालं, बाक बाकी

पट्टीवरचं कोरीवकाम पूर्ण झालंय. बाक देणं, काळं करणं आणि शेवटचं पॉलिश राहिलंय. नोंद आत्ताच टाकतोय, कारण पट्टी सपाट असेपर्यंतच दुरुस्तीला वाव असतो.

नुहाल्क हे कॅनडातले मूळनिवासी लोक, ब्रिटिश कोलंबियाच्या बेला कूला खोऱ्यातले. फुगीर कपाळ, पुढे आलेल्या भुवया, गडद निळा रंग आणि मुद्दाम न रंगवता सोडलेलं लाकूड ही त्यांच्या मुखवट्यांची ओळख. त्याच किनारपट्टीवरच्या हैडा या दुसऱ्या मूळनिवासी लोकांचं कडं बहुधा नक्षीने काठोकाठ भरलेलं असतं. म्हणून इथे आकार कमी आणि गोलसर घेतले, मोकळ्या जागेत बारीक रेघांची जाळी न भरता ती चकचकीतच ठेवली.

कुठलंही कुलचिन्ह मात्र घेतलेलं नाही. नुहाल्क घराण्यांच्या उगमकथा, म्हणजे स्मायुस्ता, आणि त्यांतली चिन्हं ही त्या त्या घराण्याची मालमत्ता. पोटलॅच या भेटवस्तू वाटण्याच्या समारंभात हा हक्क सगळ्यांसमोर मांडला जातो. त्या समारंभावर कॅनडात १८८५ पासून १९५१ पर्यंत कायद्याने बंदी होती, तरी लोकांनी तो जपला. बाहेरच्याने ती चिन्हं उचलणं चूकच. त्यामुळे या पट्टीवर फक्त ओव्हॉइड (गोलसर कोपऱ्यांचे लांबट आकार) आणि यू-आकार (इंग्रजी U सारखे) आहेत. हे कडं विकायचं नाही. ‘नुहाल्क कडं’ म्हणायचं ते तिथल्या कारागिराने घडवलेल्यालाच.

पट्टी ९२५ चांदीची (९२.५ टक्के चांदी, बाकी मुख्यतः तांबं), १५० × २५ × १.३ मि.मी., वजन साधारण ५० ग्रॅम. १७ सें.मी. घेराच्या मनगटाला पुरते. आधी याच मापाच्या तांब्याच्या पट्टीवर सगळं कोरून बघावं. चांदी तापवून मऊ केल्यावर लाकडी हातोडीने सपाट करताना ती किंचित कडक होते, आणि ते हवंच असतं. अगदी मऊ चांदी कोरणीला चिकटते, रेघ फाटते.

पट्टी राळेने लाकडी ठोकळ्यावर बसवली. वर पांढऱ्या पोस्टर कलरचा पातळ हात, त्यावर पेन्सिल, मग सुईने आखणी.

खरी परीक्षा ओव्हॉइडची. वरची कड फुगलेली आणि जाड, बाजू बारीक, खालची कड जराशी आत गेलेली. आतला ओव्हॉइड मधोमध नाही, वरच्या कडेजवळ बसतो. जाडी सगळीकडे सारखी ठेवली की आकार मरतो. दोन जाड रेघा मिळतात तिथे छोटा त्रिकोणी छेद द्यायचा, नाहीतर सांध्यावर धातूचा गठ्ठा दिसतो.

चौकोनी कोरणी एका बाजूला कलती धरली की रेघेच्या कडेला उभी भिंत आणि पार्श्वभूमीकडे उतार मिळतो. सगळी चमक या उतारात आहे. कोरणी पट्टीशी साधारण १५ अंशांवर. कमी झाली तर घसरते, जास्त झाली तर रुतून टोक मोडतं. धार नखावर तपासायची: टोक अडलं तर ठीक, सरकलं तर पुन्हा दगडावर. वळणावर हात नाही, ठोकळा फिरवायचा. दुसऱ्या हाताची बोटं कायम टोकाच्या मागे.

घसरल्याचा ओरखडा पॉलिश पेपरने घासू नका, शेजारच्या रेघांची धार जाते. गुळगुळीत पोलादी घोटणीने तो दाबून बसवा.

छेद ०.४ मि.मी.पेक्षा खोल नेले नाहीत. खोल जागी पट्टी पातळ होते आणि बाक देताना तिथेच कोन पडतो. बाक लंबगोल साच्यावर, लाकडी हातोडीने, आधी दोन्ही टोकं आणि मग मधला भाग. उलट क्रमाने गेलं तर टोकं सरळच राहतात. या टप्प्यावर पट्टी पुन्हा तापवायची नाही, कारण मिश्रणातल्या तांब्यामुळे छेदांत डाग धरतात आणि तिथे पॉलिश पोचत नाही.

काळं करायला लिव्हर ऑफ सल्फर या चांदी काळी करणाऱ्या गंधकयुक्त रसायनाचं पातळ, कोमट द्रावण, तेही उघड्या हवेत. दाट द्रावणातला थर पापुद्र्यासारखा निघतो. नंतर एखाद्या कडक, सपाट तुकड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून कड्याचा फक्त वरचा पृष्ठभाग उजळायचा. मऊ कापडी चाक छेदात शिरून काळं पुसतं आणि कडाही बोथट करतं.