‘लक्ष नाही’ हा शेरा लिहिण्याआधी

प्रगतिपुस्तकात काही शेरे वर्षानुवर्षं तेच असतात: ‘लक्ष नाही’, ‘अनियमित’, ‘कष्ट कमी पडतात’. तेरा ते सतरा वयाच्या मुलांच्या बाबतीत तर ते शिक्का मारल्यासारखे उमटतात. हेच शेरे एखाद्या डॉक्टरला दाखवले तर तो आधी विचारेल, झोप किती, दिसतं किती, रक्त किती?

घरची परिस्थिती आणि मार्क यांचा संबंध अमेरिकेतल्या कोलमन अहवालाने 1966 सालीच आकड्यांत मांडला होता. पण तो वाचून ‘घरचं वातावरणच तसं, शाळा काय करणार’ म्हणून हात झटकायची सोय झाली, ही त्याची वाईट बाजू. परिस्थिती मुलाच्या अभ्यासापर्यंत पोचते ती ठरावीक वाटांनी, आणि त्यातल्या बऱ्याच वाटा शरीरातून जातात. त्या वाटेवर मुलाचे वर्गातले तास सांडत जातात.

हिशेब करून बघा. शाळेचं वर्ष 200 दिवसांचं धरलं तर दहा टक्के गैरहजेरी म्हणजे 20 दिवस. बऱ्याच ठिकाणी काळजीची रेघ इथेच आखतात. दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला फक्त दोन दिवस होतात. सलग पंधरा दिवस न आलेलं मूल सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. महिन्याला दोन दिवस बुडवणारं कुणाच्या खिजगणतीत नसतं. गणिताचा रोज एक तास असेल तर वीस तास गेले, तेही सुटे सुटे. अपूर्णांकांचा भागाकार शिकवला त्या दिवशी दाढ ठणकत होती. दोन वर्षांनी बीजगणितात तोच भागाकार अक्षरांचा वेश घेऊन येतो, मूल अडतं, आणि सगळे म्हणतात, याला बीजगणित झेपत नाही.

आजार तोच असला तरी बुडणारे दिवस सारखे नसतात. दमा असलेल्या दोन मुलांपैकी एकाचा रोजचा, दमा आटोक्यात ठेवणारा पंप नियमित चालू असतो. दुसऱ्याकडे फक्त धाप लागल्यावर ओढायचा पंप असतो, कारण त्याने लगेच बरं वाटतं आणि रोजचा पंप घ्यायला पैसे उरत नाहीत. या दुसऱ्याचा खोकला रात्री उसळतो, झोप मोडते, सकाळी तो एक तर येत नाही, नाही तर येऊन बाकावर पेंगतो. पाळीचंही तसंच. वेदनेबरोबरच स्वच्छतागृहामुळेही गैरहजेरी होते: दाराला आतून कडी नाही, पाणी नाही, पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही.

डोळ्यांची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण इथे उपाय सगळ्यात स्वस्त आणि चुका सगळ्यात जास्त. उणे 1 नंबर असलेल्या डोळ्याला साधारण एक मीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. उणे 2 असेल तर अर्ध्या मीटरपर्यंत. फळा चार-सहा मीटरवर असतो. म्हणजे उणे 2 चं मूल वही नीट वाचतं आणि फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं. त्याला स्वतःलाही कळत नाही, कारण जग असंच धूसर असतं अशी त्याची समजूत असते.

तपासणी साधी आहे. सहा मीटरवरून वाचण्यासाठी बनवलेला अक्षरांचा तक्ता सहा मीटरवरच लावायचा. खोली लहान आहे म्हणून तोच तक्ता तीन मीटरवर लावला की कमजोर डोळेही पास होतात. जागा नसेल तर तीन मीटरसाठी बनवलेला तक्ता घ्यावा. एकेक डोळा वेगळा तपासायचा, दुसरा तळहाताने झाकायचा. बोटांनी झाकला की फटीतून बघितलं जातं, आणि बोटांनी दाबला तर मग त्या डोळ्याची पाळी आली की त्याला धूसर दिसतं. रांगेतली मुलं मागे उभी राहून ओळी पाठ करतात, म्हणून रांग दाराबाहेर ठेवावी आणि अक्षरं उलटसुलट विचारावीत. डोळे बारीक करू देऊ नयेत. सहा-बारापेक्षा (म्हणजे चांगल्या डोळ्याला बारा मीटरवरून दिसणारी ओळ सहा मीटरवरून दिसणं) कमी दिसत असेल तर जाड कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून बघायला सांगावं. तसं स्पष्ट दिसलं तर बहुधा चष्म्याने काम होईल. एक मात्र लक्षात ठेवावं, दूरचा तक्ता धडाधड वाचणारं मूल अधिक (प्लस) नंबरचं असू शकतं. त्याला जवळचं वाचताना डोकं दुखतं, आणि या तपासणीत ते निसटतं.

चिठ्ठी हातात दिली म्हणजे चष्मा नाकावर आला असं नाही. चीनच्या ग्रामीण भागात चौथी-पाचवीच्या मुलांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना चष्मे फुकट दिले त्यांचे गणिताचे गुण नुसती चिठ्ठी मिळालेल्यांपेक्षा वाढले. तरीही फुकटचा चष्मा सगळ्यांनी वापरला नाही. चिडवतात, काडी मोडते, ‘नंबर वाढेल’ अशी घरात भीती असते. किशोरवयात तर फ्रेम कशी आहे यावरच सगळं अडतं. फ्रेम मुलांना निवडू द्या.

रक्ताकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने बारा वर्षांपुढच्या मुलींचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर अॅनिमिया, म्हणजे रक्तक्षय. मुलग्यांना 12 ते 14 वयात हीच रेघ, पंधरापासून 13. पण हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी उतरतं. शरीरातला लोहाचा साठा त्याच्या कितीतरी आधी रिकामा होतो. 1996 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये अॅनिमिया नसलेल्या पण लोह कमी असलेल्या मुलींना आठ आठवडे लोह दिलं, तेव्हा त्यांचं शब्द शिकणं आणि आठवणं लोह न दिलेल्या मुलींपेक्षा चांगलं झालं. म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून विषय संपत नाही.

अॅनिमियाचं प्रमाण जास्त असलेल्या भागांत पाळी सुरू झालेल्या मुलींसाठी आठवड्याला एक गोळी सुचवलेली आहे: 60 मिलिग्रॅम लोह, 2.8 मिलिग्रॅम फॉलिक आम्ल, तीन महिने द्यायची, तीन महिने थांबायचं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात गोळी सकाळच्या प्रार्थनेनंतर रिकाम्या पोटी दिली जाते, दोघींना मळमळतं, एक ओकते, बाकीच्या घाबरतात आणि डबा कपाटात जातो. काही खाल्ल्यावर द्यावी. शौच काळी होईल हे आधीच घरी कळवावं, नाही तर आई घाबरून गोळी बंद करते. चहा-कॉफी गोळीच्या आगेमागे तासभर नको. आणि ही आठवड्याची गोळी प्रतिबंधासाठी असते. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याने रोजची मात्रा लागते, आणि आकडा सुधारल्यावरही साठा भरायला ती काही महिने चालू ठेवावी लागते. इथे बहुतेक जण लवकर थांबतात.

झोपेबद्दल उपदेश फार होतो. किशोरांना आठ ते दहा तास झोप हवी हे खरं. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री लवकर डोळा लागत नाही, हेही खरं. पण एकाच खोलीत सगळं घर राहत असेल तर मुलाची रात्र घरातला शेवटचा दिवा विझल्यावर सुरू होते, आणि शाळेची घंटा काही थांबत नाही. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये 2016 साली माध्यमिक शाळांची वेळ 7.50 वरून 8.45 केली, तेव्हा मुलांची झोप सरासरी 34 मिनिटांनी वाढली. तपासलेल्या दोन शाळांपैकी जिथे गरीब घरची मुलं जास्त होती, तिथे हजेरीही सुधारली. वेळ बदलणं हातात नसेल तर निदान चाचणी पहिल्या तासाला ठेवू नका.

मनाचे आजार मी थोडक्यात आटोपतोय, महत्त्व कमी म्हणून नव्हे. पाहणं अवघड म्हणून. 10 ते 19 वयात सातांतल्या एकाला मानसिक आजार असतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या वयातलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. चिडक्या मुलाला घर सावरणारं असेल तर समुपदेशक मिळतो, नसेल तर शिक्षा.

ब्रिटनमधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 साली लिहिलं होतं की ज्यांना उपचारांची गरज जास्त, त्यांनाच ते कमी मिळतात. शाळेतल्या योजनांनाही हे लागू पडतं. पालकांची सही हवी, कामाच्या दिवशी पालकांनी यायला हवं, दोन दाखले जोडायला हवेत: प्रत्येक अटीला खालच्या पायरीवरची काही मुलं गळतात. सही ‘हवी’साठी न मागता ‘नको’साठी मागितली, म्हणजे नको असणाऱ्यांनीच तसं कळवायचं ठेवलं, तर गळती कमी होते, संमतीचे नियम तेवढे आधी पाहून घ्यावेत. कुणाला मदत लागेल हे शोधताना उत्पन्न विचारू नये. मुलांना ते माहीत नसतं, माहीत असलं तर लाज वाटते. युरोपातल्या शाळकरी मुलांच्या मोठ्या पाहणीत म्हणूनच स्वतःची खोली आहे का, घरात कॉम्प्युटर किती, गाडी आहे का, असं विचारतात. आपापल्या जागी शोभतील असे चार-पाच प्रश्न कुणालाही करता येतील.

सुरुवात मात्र हजेरीपटापासूनच करा. महिनाअखेरीला दोन किंवा जास्त दिवस बुडालेली नावं वेगळी काढा, सलग आणि सुटे दिवस वेगळे मांडा, आणि नावापुढे कारणाचा एक शब्द लिहा: दात, पोट, दम, पाळी, भावंड, काम. ‘आजारी’ हा शब्द चालणार नाही, त्याने काहीच कळत नाही. मग डोळे किंवा रक्त तपासायचा दिवस ठरवताना तीच यादी समोर ठेवा. कारण त्या दिवशी नेमकी हीच मुलं गैरहजर असतात, तपासणीचा अहवाल छान येतो, आणि कुणी दुसरा दिवस लावत नाही.