पुढचं गवत

अमेरिकेतल्या उपनगरात घरापुढच्या लॉनवर सहसा कुणी बसलेलं दिसत नाही. खुर्च्या, ग्रिल, पोरांचा झोका, सगळा संसार मागच्या अंगणात. पुढे नुसतं गवत, ना कुंपण ना आडोसा. इतक्या निगुतीने राखलेल्या जागेत पाय पडतो तो बहुतेक वेळा गवत कापणाऱ्याचाच. जागा आपली, खर्च आपला, पण ती राखायची रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी.

या गवताला खरा बहर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ च्या जी. आय. बिल या कायद्यामुळे परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर गृहकर्ज मिळू लागलं. १९४७ मध्ये लेविट या बिल्डर पितापुत्रांनी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत लेविटटाउन ही घरांची वसाहत बांधायला घेतली. १९५१ पर्यंत घरं १७ हजारांवर गेली. सुरुवातीचं घर साधारण ७५० चौरस फुटांचं आणि प्लॉट ६० बाय १०० फुटांचा. म्हणजे घर टीचभर आणि भोवती पाच हजार चौरस फुटांचं गवत. बागकामाचं वेड वडिलांना, अब्राहम लेविटना. गावच्या वर्तमानपत्रात ते बागेवर सदरही लिहीत.

लॉनच्या अटी घराच्या करारातच लिहिलेल्या होत्या. १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर दर आठवड्याला निदान एकदा गवत कापायचं. कुंपण घालायचं नाही. कपडे मागे, गोल फिरत्या स्टँडवरच वाळत घालायचे, तेही शनिवार-रविवारी नाही. कुणी टाळाटाळ केली तर कंपनीचा माणूस येऊन गवत कापून जायचा आणि मागोमाग बिल यायचं. सुरुवातीच्या करारांत आणखी एक कलम होतं: घरकामाचे नोकर सोडून गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असली कलमं कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. कलम गेलं, पण कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचं धोरण राहिलं. १९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेविटटाउनमध्ये, डीपग्रीन लेनवर, मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं. घर त्यांनी आधीच्या मालकाकडून घेतलं होतं. बाहेर रात्रीमागून रात्री जमाव जमला, दगडांनी काचा फुटल्या, शेवटी राज्याचे पोलीस आणावे लागले. गवत वेळेवर कापणारा तो चांगला शेजारी, ही व्याख्या तिथे सगळ्यांना लागू नव्हती.

स्वतःचं घर आणि जमीन असलेला माणूस कम्युनिस्ट होऊच शकत नाही, त्याच्यामागे कामंच फार असतात, असं अब्राहमचे चिरंजीव विल्यम लेविट म्हणत. ज्याने मे महिन्यात तिथे लॉन राखलं आहे तो यावर हसणार नाही. उत्तरेकडे केंटकी ब्लूग्रास किंवा फेस्क्यू जातीचं गवत लावतात. (नाव केंटकीचं असलं तरी ब्लूग्रास मूळचं युरोपातलं.) ते तीन इंचांवर राखायचं आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, म्हणजे साडेचार इंच झालं की मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, काढायचा. मे महिन्यात ही वेळ पाच-सहा दिवसांतच येते. कंटाळून एकदाच दीड इंचावर उतरवलं तर मुळं दुबळी होतात, जमिनीला ऊन लागतं आणि क्रॅबग्रास या तणाचं बी उगवतं. त्याला रोखणारं औषध बी रुजण्याआधी, म्हणजे फोर्सिथिया या झुडपाची पिवळी फुलं येतात त्या सुमारास पडायला हवं. तण डोळ्यांना दिसल्यावर ते टाकणं म्हणजे पैसे मातीत. मोवरचं पातं बोथट असेल तर गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या लॉनवर पांढुरकी-तपकिरी झाक दिसते. लोक पाणी वाढवतात. खरं तर पात्याला धार लावायला हवी.

पाण्याचा हिशोब आठवड्याला एक इंच, पावसासकट. मोजायला ट्यूना माशाचा रिकामा डबा लॉनवर ठेवतात, तो इंचभर भरला की नळ बंद. पाच हजार चौरस फुटांना हे एक इंच म्हणजे जवळजवळ १२ हजार लिटर, मराठवाड्यात उन्हाळ्यात गावात येतो तसा एक टँकर, दर आठवड्याला, न खाल्ल्या जाणाऱ्या पिकाला. नाही घातलं तर ऑगस्टमध्ये ब्लूग्रास पिवळं पडून झोपतं आणि पावसाबरोबर बहुधा पुन्हा उठतं. पण तोवर शेजारी काय म्हणतील?

क्लोव्हर या तीन पानांच्या रोपट्याची गोष्ट मला यातली सगळ्यात अमेरिकन वाटते. पूर्वी लॉनच्या बियाण्यात पांढरं क्लोव्हर मुद्दाम मिसळत, कारण ते हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतं. युद्धानंतर २,४-डी हे तणनाशक बाजारात आलं. ते रुंद पानांची झाडं मारतं, गवत सोडतं. डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या तणाबरोबर क्लोव्हरही गेलं, आणि मग क्लोव्हरच तण ठरलं! फुकटचा नायट्रोजन गेल्यावर तो पोत्यातून आणणं आलं: हजार चौरस फुटांना एका खेपेला फार तर एक पौंड. खत पसरवायचा स्प्रेडर एकाच दिशेने फिरवला तर गडद-फिक्या पट्ट्या उमटतात, म्हणून अर्धं खत उभं आणि अर्धं आडवं टाकायचं.

निवडणूक आली की याच गवतात पाट्या उगवतात. १८ बाय २४ इंचांचं पन्हळी प्लास्टिक आणि खाली एच आकाराची तार. जमीन कोरडी असेल तर तार वाकते, म्हणून आधी थोडं पाणी मारावं. फुटपाथ आणि रस्ता यांमधल्या पट्टीत मात्र पाटी लावू नये. ती जागा बहुधा सार्वजनिक असते, पालिकेचा माणूस उचलून नेतो. मिसुरीतल्या लाड्यू या गावाने घरापुढच्या अशा पाट्यांवर जवळजवळ सरसकट बंदीच घातली होती. आखाती युद्धाविरुद्ध पाटी लावणारी एक बाई कोर्टात गेली आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी एकमताने रद्द केली. पण हा निकाल सरकारला बांधतो, घरमालकांच्या संघटनेला, म्हणजे एचओएला, नाही. एचओएचे नियम आपण घर घेताना सही करून मान्य केलेले असतात.

भाजीचंही तेच. फ्लोरिडात मायामी शोअर्स या गावाने २०१३ मध्ये घरापुढे भाजी लावायला मनाई केली. दिवसाला ५० डॉलर दंडाच्या धाकाने एका जोडप्याला कित्येक वर्षं जोपासलेला वाफा उपटावा लागला. २०१९ मध्ये राज्याने कायदा करून पालिकांचा हा अधिकार काढून घेतला, पण एचओए त्यातूनही सुटल्या. तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी पुढे मेथी पेरण्याआधी घराच्या कागदपत्रांतलं लँडस्केपिंगचं पान वाचावं, आणि कढीपत्त्याची कुंडी मागच्या दाराशी ठेवावी.