गॅस जातो कुठे?

आमचा बेडरूमचा एसी सलग तीन उन्हाळे एकाच दुखण्याने आडवा झाला. मार्च लागला की वारा येतो, पण गार नाही. मेकॅनिक यायचा, गेज लावायचा, "काकू, गॅस संपलाय" म्हणायचा आणि अडीच हजार घेऊन जायचा. मीही मुकाट्याने द्यायचे. गॅस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिलिंडर येतो, आणि सिलिंडर काय, संपतोच!

यंदा दुसरा मेकॅनिक आला, तरुण मुलगा. मी सांगितलं, दर वर्षी भरावा लागतो. तो म्हणाला, "फ्रीजमध्ये भरता का दर वर्षी?"

मग ग्रिलमधून हात बाहेर घालून त्याने आउटडोअरच्या, म्हणजे एसीच्या बाहेरच्या खोक्याच्या, पितळी नटांवर भांड्यांच्या साबणाचा फेस लावला. एका नटाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला. फुगला, फुटला. लगेच दुसरा. माझे साडेसात हजार तिथून गेले होते.

एसीतला गॅस सिलिंडरसारखा जळून संपत नाही की झिजत नाही. बंद नळीत फिरतो, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, एवढंच. त्या मुलाने पाइपाचं फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं पसरट तोंड, नव्याने केलं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढली, आणि गॅसची बाटली चक्क वजनकाट्यावर ठेवून गॅस मोजून भरला. कुठला गॅस, किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलंच असतं. आमच्यात आर-३२ आहे. इतकी वर्षं तिथेच कपडे वाळत घालतेय, पण कधी वाचलं नव्हतं.

जाता जाता त्याने टॉर्च मारून कॉइल, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची गुंडाळी, दाखवली. आम्ही माहीमला, समुद्र दोन गल्ल्यांवर. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांना बोट लावलं तर पांढरी भुकटी हाताला आली. खारी हवा! आता महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून तिथे साधं पाणी मारते. आतली जाळी दर दुसऱ्या रविवारी नळाखाली.

याच सुमारास लेकाच्या खोलीसाठी नवा एसी घ्यायचा होता. खोली ११० चौरस फूट, आणि दुकानदार दीड टनावर अडून बसला. "लवकर गार होईल मॅडम." होईलच. पण मुंबईत आपल्याला छळतो तो घाम. मोठा एसी खोली पटकन गार करून थांबतो, हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि अंथरूण दमट ते दमटच. एक टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा, तांब्याच्या कॉइलचा. (टन म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढी ताकद. दुकानदाराला विचारून बघा!) वीजबचतीचे तारे मोजताना पट्टीवरचं वर्षही बघा. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले तेव्हा आदल्या दिवशीचा पाच तारेवाला एसी चारवर आला होता.

सासूबाईंचं माहेर अकोल्याचं, त्यामुळे एसी त्यांच्या लेखी उधळपट्टी. हट्टाने कूलर आणवला होता. अकोल्याची कोरडी हवा पाणी पिते आणि गार होते; इथली आधीच तुडुंब प्यायलेली. आठवड्यात भिंतीला बुरशी धरली. आता त्या कूलरमध्ये कांदे असतात.

एसीचं पाणी पूर्वी खालच्या पत्र्यावर रात्रभर टपटपायचं, त्यावरून भांडणही झालं. आता नळी बादलीत सोडलीय. पावसाळ्यात सकाळपर्यंत पाऊण बादली भरते. "कूलरला पाणी पाजावं लागायचं, हा उलट देतो," असं म्हणत सासूबाई त्याच पाण्याने लादी पुसून घेतात. खालच्या वहिनींचा अबोला मात्र अजून सुटलेला नाही.