शिसं नसलेली शिसपेन्सिल

मंगळवार, रात्र

लेकीच्या कंपासपेटीतली बोटभर उरलेली पेन्सिल घेऊन महिन्याचा हिशेब मांडायला बसलो. सवयीने तिचं मागचं टोक दातांत गेलं. लगेच दटावणी, "बाबा, शिसं विषारी असतं!"

असतं खरं, पण शिसपेन्सिलीत ते नसतंच. सोळाव्या शतकात इंग्लंडातल्या बॉरोडेलला पेन्सिलीतलं हे काळं, गुळगुळीत खनिज सापडलं, तेव्हा लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटलं. ते कार्बन आहे हे शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७९ साली दाखवून दिलं. दहा वर्षांनी वेर्नर या जर्मन भूवैज्ञानिकाने 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं ग्रॅफाइट असं बारसं केलं. तरी पेन्सिल मोडली की आजही आपण म्हणतो, शिस तुटलं.

तेवढ्यात ते तुटलंच. ब्लेडने टोक काढलं, लाकडाची साल वळत वळत वहीवर पडली, बोट काळं झालं. ही पूडही निव्वळ ग्रॅफाइट नव्हे. युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचं ग्रॅफाइट मिळेनासं झालं, म्हणून तिथल्या काँते नावाच्या संशोधकाने ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती कालवून कांड्या भाजल्या. १७९५ची गोष्ट. माती जास्त, तर रेघ फिकी आणि कांडी कडक. म्हणजे इतका वेळ मी भाजलेल्या मातीने हिशेब लिहीत होतो.

आकडा चुकला, खोडरबर हुडकलं. त्याची तर आणखी गंमत. पूर्वी पेन्सिलीचं लिखाण पावाच्या तुकड्याने पुसत. झाडाच्या चिकापासून केलेल्या पदार्थाने ते छान पुसलं जातं असं प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७०मध्ये नोंदवलं. घासून, म्हणजे इंग्रजीत 'रब' करून, पुसतो म्हणून तो 'रबर'. पुढे टायर आले, चपला आल्या, त्यांनी काहीही पुसलं जात नाही, पण नाव तेच. आणि आपण मराठीत त्याच्यामागे पुन्हा 'खोड' जोडलं! पुसणाराला पुसणारा.

पेन आणि पेन्सिल मात्र सख्खी भावंडं नाहीत, हे मला आवडलं. पेन आलं पिसाच्या लॅटिन नावावरून, पेन्सिल 'छोटी शेपटी'वरून, म्हणजे कुंचल्यावरून. पेनिसिलिन याच शेपटीच्या घरातलं.

हे सगळं लेकीला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

"शिसं नसू दे. पण ती माझी आहे."