भाताची मुळं आणि किचनमधलं व्हिनेगर

सोलापुरात बसून भातावर लिहितोय म्हणजे हसाल तुम्ही, आमच्याकडं रान ज्वारीचं, भात फक्त ताटात. पण मामा आजऱ्याकडं असतो, घनसाळ ही सुवासिक भाताची जात लावतो, आणि मागच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला की लावण होऊन आठ दिवस झाले तरी रोपं पिवळीच, उपटून बघितलं तर मुळं तपकिरी आणि आखूड. दुकानदारानं युरियाचं पोतं गळ्यात मारलेलंच होतं. मी विचारलं लावणीआधी काय केलं, तर म्हणे धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, गाडला, चिखलणी केली आणि दोन दिवसात लावण.

घोळ तिथंच. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण 10,000 पट हळू सरकतो, त्यामुळं चिखलात तो पोचतच नाही, मग हिरवा पाला नीट कुजायच्या ऐवजी आंबतो आणि ॲसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक असली ॲसिडं साठतात. ॲसेटिक, म्हणजे व्हिनेगरमधलंच ॲसिड, सगळ्यात जास्त होतं, पण तेवढ्याच मापात ब्युटिरिक जास्त छळतं, खवट लोण्याचा वास येतो ना तेच ते. पहिला मार मुळाला बसतो, मूळ खुंटलं की पोटॅश, फॉस्फरस वर जाणार कसं, युरिया टाकून काय उपयोग!

मामाला पटेना म्हणून किचनमध्येच प्रयोग केला. बशीत जेमतेम भिजेल एवढ्या पाण्यात भाताचं बी टाकलं तर मूळ मस्त आलं. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून वर तेलाचा थर दिला तर नुसती पांढरी लांब नळी, मूळ नाहीच, कारण हवा नसली की भात आधी कोंब लांबवून हवा शोधतो. तिसऱ्या बशीत 200 मिली पाण्यात 1 मिली व्हिनेगर मिसळून ते घातलं, मूळ खुरटं. आणि चौथीत तेच पाणी पण चिमूटभर खायचा सोडा टाकून, तर मूळ परत बरं आलं! म्हणजे ॲसिड किती यापेक्षा पीएच किती याला जास्त महत्त्व, ॲसेटिकचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं ॲसिड तुटलेलं असतं तो आकडा, 4.76, पीएच त्याच्या खाली गेला की बहुतेक ॲसिड न तुटता अख्खं राहतं आणि तसंच मुळाच्या पेशीत घुसतं. शेतात पाणी भरून दोनतीन आठवडे गेले की पीएच बहुतेक 6.5-7 कडं सरकतो आणि सूक्ष्मजीव ॲसिडं खाऊन मिथेन करतात. आता आजऱ्याची जमीन पावसात गारठलेली, तिथं हे सूक्ष्मजीवपण सुस्त, म्हणून तिथं पाला गाडल्यावर लावणीआधी जास्त थांबायचं.

त्या वेळी फोनवर एवढंच सांगितलं की चार दिवस पाणी बाहेर काढून टाक, चिखलाला हवा लागू दे. पांढरी मुळं फुटली नंतर, पण उशीर तो झालाच.

यंदा म्हणलं लावणीच्या दोन आठवडे आधी गाड. तर मामा म्हणतो, "अरे धैंचा वाढायलाच दीड महिना, पाऊस तुझ्या सोयीनं येतोय होय?" बरोबरच आहे त्याचं. मग आता बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला तोडून टाकायचा ठरलंय, त्याला वाढायची वाट बघायला नको, तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपं, आठवड्याचा झाला की पाला गाडायचा, म्हणजे लावणीआधी दोन आठवडे मिळतात.

आई मात्र अजून व्हिनेगरच्या बाटलीवरनं बोलतीय.